मनगटावरचें मोल

दवनीवाडा हें गोंदिया तालुक्यांतील एक गांव. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हां कागदोपत्रीं या गांवाचा जिल्हा बदलला. धानाचे बांध आणि बांधांवरचीं माणसें होतीं तेथेंच राहिलीं. हें गांव माझें आजोळ. गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या बहिणीचा मुलगा नागपुराहून माझ्याबरोबर तेथें आला होता. त्याच्या मनगटावर एक काळें चौकोनी घड्याळ होतें. वाटेंतील एका किराणा दुकानांत आम्हीं साखर व चहापत्ती घेतली, आणि पैसे देण्याची वेळ येतांच त्यानें संवयीनें हात पुढें करून मनगट दुकानदारासमोर धरलें. दुकानदार गोंधळला. हा मुलगा आपल्याला किती वाजले तें दाखवीत आहे, असें त्याला वाटलें असावें. भाचा हंसून म्हणाला, "मामा, इथं तें यंत्र नाहीं, विसरलोंच मी." मग त्यानें खिशांतला फोन काढून फळीवर चिकटविलेल्या ठिपक्यांच्या चौकोनापुढें धरला, आणि क्षणार्धांत दुकानांतील एका पेटीनें रक्कम मिळाल्याची मोठ्यानें ग्वाही दिली.

ओट्यावर बसलेली एक म्हातारी हें सारें पाहत होती. तिनें मला विचारलें, "त्या घडीत पैसा रायते का जी, मास्तर?"

मी इतिहास शिकवून पोट भरणारा मनुष्य. साध्या प्रश्नाला लांब उत्तर देणें हा आमचा धंदाच आहे. परंतु त्या वेळीं मला लांब काय, आंखूड उत्तरहि सुचलें नाहीं. "नाहीं बाई, पैसा बँकेंत असतो," असें कांहींतरी बोलून मी पाय काढता घेतला. घरीं येईपर्यंत मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. पैसा राहतो तरी कोठें? रुपयाच्या चांदींत, नोटेवरच्या सहींत, सावकाराच्या वहींत, कीं माणसाच्या अंगावर? प्रस्तुत लेख म्हणजे त्या म्हातारीला उशिरां दिलेलें उत्तर आहे.

पैसा ही वस्तु आहे कीं नुसती खूण आहे, हा अर्थशास्त्रज्ञांचा जुना वाद आहे. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' हे शब्द आपण आजहि सहज उच्चारतों. पण कवडी हें एके काळीं खरेंखुरें चलन होतें याची आठवण थोड्यांनाच असते. मालदीव बेटांच्या किनाऱ्यावर सांपडणारा हा लहानसा शिंपला गलबतांतून बंगाल व ओरिसाच्या बंदरांत येई, आणि तेथून आंत छत्तीसगडापर्यंत पसरे. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहण असा पूर्वेकडील हिशेब होता. म्हणजे एका काहणांत १२८० कवड्या. मिठाचा खडा किंवा भाजीची जुडी घेण्यास रुपयाचें नाणें फार मोठें पडे. तेथें कवडी कामास येई. गरिबाचें नाणें तें हेंच.

या कवडीचा एक प्रसंग आमच्या नागपूरच्या इतिहासाशीं निगडित आहे. ओरिसा प्रांत १८०३ सालापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांत होता. त्या वर्षाच्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें दुसऱ्या रघूजी भोसल्यांना तो कंपनी सरकारास द्यावा लागला. तोंवर तेथील रयत आपला सारा कवड्यांत भरूं शकत असे. कंपनीनें तो रुप्याच्या रुपयांतच मागण्यास आरंभ केला. कवडीचा भाव उतरला, रुपयाचा चढला. शेत तेंच, पीक तेंच, पण देणें वाढलें. १८१७ सालीं खुर्द्याच्या पाइकांनीं बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखालीं जें बंड केलें, त्याच्या कारणांत जमिनी गेल्याचें व मीठ महागल्याचें दुःख जसें होतें, तसें हेंहि एक होतें. तात्पर्य, चलन बदलणें ही केवळ सोयीची गोष्ट नसते. ज्याच्यापाशीं जुनें चलन असतें आणि नवें मिळविण्याचें साधन नसतें, त्याच्यावरच त्या बदलाचा भार पडतो. हें सूत्र आपल्याला पुढें लागणार आहे. म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

रुप्याच्या रुपयाची गोष्टहि सरळ नव्हती. त्या काळीं निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत फिरत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. सराफ नाणें दगडावर वाजवून पाही, आणि बट्टा कापून घेतल्यावांचून त्याला हात लावीत नसे. १८३५ च्या कायद्यानें कंपनीनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलुखांत चालू केला. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर आमचा हा झाडीमुलूखहि त्या एका रुपयाच्या छत्राखालीं आला. येथें नाण्याच्या इतिहासांत एक मोठी गोष्ट घडली, ती ही कीं खरेपणाची परीक्षा सराफाच्या कानांतून निघून सरकारच्या शिक्क्यांत गेली. माणसानें नाणें पारखावयाचें नाहीं; शिक्का पाहावयाचा आणि विश्वास ठेवावयाचा. १८६१ सालीं सरकारी कागदी चलनाचा कायदा झाला तेव्हां चांदीहि हातांतून गेली व नुसता शिक्का उरला. पैसा वस्तूंतून बाहेर पडून खुणेंत शिरला तो असा, पायरीपायरीनें.

परंतु खेड्यांतील माणसानें या खुणेवर पुरता विश्वास कधींच ठेवला नाहीं. त्याची, अथवा अधिक खरें बोलावयाचें तर तिची, बँक निराळीच होती. ती अंगावर होती. गळ्यांतील सरी, दंडांतील वाळे, पायांतील तोडे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे मनगटावरचीं चांदीचीं कडीं. माझ्या आजीच्या हातांत असलीं दोन जाड कडीं असत. तीं दागिने आहेत असें मला लहानपणीं वाटे. पुढें कळलें कीं तें तिचें खातें होतें. आषाढांत रोवणीच्या मजुरीला पैसे लागत, तेव्हां आजीचीं मनगटें मोकळीं दिसत. मार्गशीर्षांत धान विकलें गेलें कीं कडीं परत येत. ज्या वर्षीं पाऊस दगा देई आणि तलाव कोरडे पडत, त्या वर्षीं एखादें कडें परतच येत नसे. सावकाराच्या व्याजाला आळा घालण्यासाठीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३४ सालीं कायदा झाला. मालगुजारी १९५१ सालीं गेली. पण रोवणी आणि मळणी यांच्या मधले चार महिने कोणत्याहि कायद्यानें आंखूड केले नाहींत. ते चार महिने मनगटावरच्या चांदीनेंच ओलांडले. गांवांत कोणत्या घराची स्थिति कशी आहे हें पाहण्यास वही उघडावी लागत नसे. पाणवठ्यावर बायकांचे हात पाहिले कीं पुरे होत असे.

मनगटाचा दुसरा धनी म्हणजे घड्याळ. तें आमच्याकडे आलें रेल्वेमागून. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली गाडी धांवली. १८६७ सालीं रूळ नागपुरास आले. आणि १८८२ पर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद मार्ग राजनांदगांवास जाऊन भिडला. त्याच मार्गावर गोंदियाचें स्टेशन झालें. पुढें बंगाल-नागपूर कंपनीनें तो मार्ग रुंद करून कलकत्त्यास जोडला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून जबलपुराकडे सातपुड्याची लहान गाडी निघाली. धान आणि तेंदूपानें यांच्या व्यापारानें गोंदिया वाढलें, तें या रुळांच्या आधारानें.

रेल्वेनें दोन वस्तु आणल्या, आणि त्या दोन्हींचा आपल्या विषयाशीं संबंध आहे. पहिली वस्तु म्हणजे वेळ. तोंवर दुपार म्हणजे सूर्य डोक्यावर आला तो क्षण. प्रत्येक गांवाची दुपार वेगळी. गाड्या मात्र मद्रासच्या वेळेप्रमाणें धांवत, आणि १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशासाठीं एकच प्रमाणवेळ ठरली. स्टेशनच्या भिंतीवरचें घड्याळ हें खेड्यानें पाहिलेलें पहिलें परकें हुकूमनामें होय. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशांतून मनगटावर आलें. आणि १९६१ सालीं बंगळुरास एच्‌. एम्‌. टी. चा कारखाना जपानी सिटिझन कंपनीच्या साह्यानें घड्याळें बनवूं लागला, तेव्हां तें शाळामास्तराच्या व तलाठ्याच्याहि मनगटावर दिसूं लागलें. लवकरच तें लग्नाच्या याद्यांतहि शिरलें: सायकल, रेडिओ आणि घड्याळ. येथें एक कटु गोष्ट नोंदविल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मुलाच्या मनगटावर घड्याळ चढविण्यासाठीं मुलीच्या आईच्या मनगटावरचें कडें उतरत असे. एका मनगटाचें मोल दुसऱ्या मनगटावर गेलें, आणि आम्हीं त्याला रीत म्हटलें.

रेल्वेची दुसरी वस्तु म्हणजे तिकीट. एडमंडसन नांवाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरानें १८३० नंतरच्या दशकांत जाड पुठ्ठ्याचें, अनुक्रमांक छापलेलें लहान तिकीट काढलें. आमच्याहि स्टेशनांवर तें दीडशें वर्षांच्या आसपास चाललें. तें तिकीट म्हणजे पैसा नव्हे. त्यानें मीठ विकत घेतां येत नाहीं. परंतु एका विशिष्ट कुंपणाच्या आंत तें पैशाचेंच काम करतें, आणि त्यावरचा आंकडा पाहून कारकुनाला संध्याकाळीं सारा हिशेब लागतो. आज शहरांत मेट्रोच्या फाटकाशीं जें कार्ड टेकवितात, त्याचा आजा हा पुठ्ठा होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भाच्याच्या घड्याळांत आहे तरी काय? हें समजण्यास आधीं आपल्या हुंडीची ओळख हवी. हुंडी म्हणजे पैसा नव्हे, पैशाविषयींचा शब्द. एका गांवच्या पेढीवर रुपये भरावेत, चिठी घ्यावी, आणि काशीस किंवा सुरतेस दुसऱ्या पेढीवर ती दाखवून रुपये घ्यावेत. दाखवितांच पैसे मिळण्याची ती दर्शनी, मुदतीनें मिळण्याची ती मुदती, आणि ओळखीच्या प्रतिष्ठित माणसालाच द्यावयाची ती शहाजोग. हुंडी वाटेंत हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत देई, तिला पैठ म्हणत. तीहि हरवली तर परपैठ. चोराच्या हातीं शहाजोग हुंडी लागली तरी तो पेढीवर उभा राहूं शकत नसे, कारण त्याला ओळखणारा कोणी नसे. रुपयांची थैली लुटतां येते, शब्द लुटतां येत नाहीं, या एका विचारावर शेंकडों वर्षें या देशाचा व्यापार चालला.

घड्याळांतील युक्ति हीच आहे. केवळ चिठीच्या जागीं चीप आणि पेढीच्या जागीं बँक. घड्याळांत पैसा नसतो. इतकेंच नव्हे, कार्डाचा खरा आंकडाहि नसतो. त्याऐवजीं त्या एका घड्याळापुरता ठरविलेला दुसराच आंकडा असतो, त्याला टोकन म्हणतात. दुकानांतील यंत्राभोंवतीं एक सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र असतें. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकत्व बदललें कीं तारेंत वीज उत्पन्न होते, हा शोध फॅरडेनें १८३१ सालीं लावला होता. त्याच तत्त्वानें यंत्राच्या वेटोळ्याचें व मनगटावरच्या वेटोळ्याचें, सेकंदास सुमारें १ कोटि ३५ लाख ६० हजार कंपनांच्या लहरींतून, संभाषण होतें. अंतर चार बोटांहून अधिक झालें तर तें तुटतें. या क्षणिक भेटींत चीप आपलें टोकन सांगते आणि त्याबरोबर त्या एका व्यवहारापुरती गुप्त खूण देते. ती खूण पुढच्या व्यवहारास चालत नाहीं. ऐकणाऱ्यानें ती चोरली तरी तिचा उपयोग नाहीं. घड्याळ हरवलें तर बँक तें टोकन रद्द करून दुसरें देते. जुन्या पेढीवरचा मुनीम हें ऐकून म्हणाला असता, "म्हणजे शहाजोग हुंडी आणि तिची पैठ!" आणि तें अगदींच चूक झालें नसतें.

ही रीत प्रथम रुळली ती दुकानांत नव्हे, प्रवासांत. कारण गर्दीला थांबावयास वेळ नसतो. हाँगकाँगांत १९९७ सालीं ऑक्टोपस नांवाचें कार्ड निघालें, आणि तेंच पुढें घड्याळांत बसवूनहि विकण्यांत आलें. जपानांत २००१ सालीं सुइका, लंडनांत २००३ सालीं ऑयस्टर. ही सारीं एडमंडसनच्या पुठ्ठ्यासारखीं आपापल्या कुंपणांतलीं कार्डें होतीं. २०१२ च्या डिसेंबरांत लंडनच्या बसगाड्यांनीं आणि २०१४ च्या सप्टेंबरांत तेथील भुयारी रेल्वेनें साधें बँकेचें कार्डच भाडें म्हणून घेण्यास आरंभ केला, तेव्हां तें कुंपण मोडलें. २०१५ सालीं ॲपल कंपनीचें घड्याळ निघालें, आणि मनगट टेकवून फाटक उघडण्याचा प्रकार जगभर दिसूं लागला.

आमच्या देशांत रिझर्व्ह बँकेनें २०१५ सालीं दोन हजार रुपयांपर्यंतचा असा व्यवहार गुप्त आंकड्यावांचून करण्यास मोकळीक दिली; १ जानेवारी २०२१ पासून ती मर्यादा पांच हजार झाली. २०२० च्या सप्टेंबरांत टायटन कंपनीनें स्टेट बँकेच्या साह्यानें पैसे चुकते करणारीं पांच घड्याळें बाजारांत आणलीं. घड्याळाच्या पट्ट्यांत चीप होती. २०२१ च्या ऑगस्टांत रिझर्व्ह बँकेनें टोकनाची सवलत फोनापुरती न ठेवतां मनगटी घड्याळांना व कड्यांनाहि लागू केली. कड्यांना! तें परिपत्रक वाचतांना मला आजीची आठवण झाली.

प्रवासाच्या बाबतींत ४ मार्च २०१९ रोजीं अहमदाबादेस सर्व देशासाठीं एकच प्रवासकार्ड जाहीर झालें, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं नागपूरची मेट्रो सुरू झाली. या प्रवासकार्डाचा एक विशेष सांगण्याजोगा आहे. फाटकापाशीं प्रत्येक वेळीं बँकेला विचारावयास अवधि नसतो, म्हणून त्यांत दोन हजार रुपयांपर्यंतची रक्कम चीपमध्येंच नोंदवून ठेवण्याची सोय आहे. म्हणजे म्हातारीचा प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. एका प्रकारच्या खुणेंत पैसा राहत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या खुणेंत तो थोडासा राहतोहि! जें उत्तर मीं तिला झटकन दिलें, तें निम्मेंच खरें होतें.

मग हें घड्याळ दवनीवाड्यास निरुपयोगी कां ठरलें? खेडें मागासलेलें म्हणून, असें उत्तर शहरांतील मनुष्य चटकन देईल. तें उत्तर चुकीचें आहे. त्याच दुकानांत फोननें पैसे एका क्षणांत गेले. कारण निराळें आहे. मनगटाशीं बोलणारें यंत्र दुकानदाराला विकत अगर भाड्यानें घ्यावें लागतें, आणि कार्डांच्या बऱ्याचशा व्यवहारांवर त्याला आडत मोजावी लागते. उलट ठिपक्यांचा चौकोन हा नुसता छापील कागद. १९९४ सालीं जपानांतील डेन्सो कंपनीनें मोटारीचे सुटे भाग मोजण्यासाठीं तो काढला. ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईस रघुराम राजन यांच्या हस्तें यूपीआय ही व्यवस्था सुरू झाल्यावर तो आमच्या पानठेल्यावर येऊन बसला. आणि २०२० च्या जानेवारीपासून त्या व्यवहारांवर दुकानदाराची आडत शून्य झाली. २०२४-२५ या आर्थिक वर्षांत त्या व्यवस्थेंतून सुमारें १८,५०० कोटि व्यवहार झाले. यंत्राचा खर्च ज्याच्या शिरावर पडतो त्याच्या हिशेबानें नवी रीत पसरते अगर अडते, घेणाऱ्याच्या हौसेनें नव्हे. लंडनांत जें मनगटानें झालें तें आमच्याकडे कागदानें झालें. यांत मागासलेपण नाहीं, काटकसर आहे.

येथवर ही कथा प्रगतीची आहे. परंतु तिचें दुसरें पान उलटल्यावांचून मला लेखणी खालीं ठेवतां येत नाहीं, कारण तें पान मीं स्वतः पाहिलें आहे. आमच्या जिल्ह्यांत बिड्या वळण्याचा धंदा जुना आहे, आणि तो मुख्यतः बायकांच्या बोटांवर चालतो. ओलें पान कातरणें, तंबाखू भरणें, वळणें, दोरा बांधणें, दिवसांतून शेंकडों वेळां तेंच. शेवटीं त्यांतल्या कांहीं 'छाट' म्हणून बाजूला काढावयाच्या व त्यांची मजुरी कापावयाची. वर्षांनुवर्षें असें काम केलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात. उन्हाळ्यांत आमच्या शेजारची एक म्हातारी आपले निराधार योजनेचे पैसे काढावयास गेली, तेव्हां मी सोबत होतों. पैसे देणाऱ्या मुलाजवळ फोनाएवढें यंत्र होतें. त्याच्या कांचेवर अंगठा ठेवावयाचा, आणि तो आधारच्या नोंदीशीं जुळला कीं पैसे मिळावयाचे. तिचा अंगठा जुळला नाहीं. तिनें तो पदराला पुसला, पुन्हां ठेवला. मग तेल लावून ठेवला. मग दुसरें बोट. मुलगा स्वभावानें चांगला होता, तो म्हणाला, "आजी, उद्या या." ती रागावली नाहीं. माझ्याकडे पाहून एवढेंच म्हणाली, "माह्या हातच मले ओळखत नाही जी."

अंगठ्याचा इतिहास याच देशांतला आहे. १८५८ सालीं बंगालांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें एका कंत्राटावर करारदाराच्या सबंध पंजाचा ठसा घेतला, तो करारदारानें पुढें करार नाकारूं नये म्हणून. आणि १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें जगांतलें पहिलें दफ्तर उघडलें. ज्या ठशाचा जन्म रयतेच्या शब्दावरील अविश्वासांत झाला, तोच आज रयतेच्या पैशाची किल्ली होऊन बसला आहे. आमच्या भाषेंत सही न येणाऱ्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवीत. निदान त्या काळीं त्याचा अंगठा तरी त्याचा असे.

आतां हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवावींत. माझ्या भाच्याचें मनगट आणि त्या म्हातारीचा अंगठा. दोघांच्याहि अंगाशींच पैसा जोडला आहे. पण भाच्याच्या मनगटावर जें आहे तें उसनें टोकन आहे. हरवलें, मोडलें, चोरीस गेलें, तर दुसरें मिळतें. म्हातारीची खूण तिच्या देहाची आहे. ती झिजली तर तिची पैठ निघत नाहीं. शहाजोग हुंडींत मनुष्याची ओळख मनुष्य पटवीत असे. येथें समोर गांवचा मुलगा उभा आहे, शेजारी उभा आहे, दोघेहि तिला लहानपणापासून ओळखतात, आणि तरीहि तिची ओळख पटत नाहीं. विज्ञानाची ही अडचण नव्हे. ज्या शास्त्रानें भाच्यासाठीं बदलतां येणारी खूण काढली, त्यालाच म्हातारीसाठींहि ती काढतां आली असती. अंगठा न जुळल्यास दुसऱ्या रीतीनें पैसे देण्याची वाट काटेकोरपणें उघडी ठेवणें, ही कल्पनेची नव्हे, मनाची गोष्ट आहे. ओरिसांतील रयतेनें दोनशें वर्षांपूर्वीं जें भोगलें त्याचें सूत्र वर सांगितलें आहे. तें आजहि खोटें ठरलेलें नाहीं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां आमच्याकडे धान कापणीचे दिवस होते. बँकेच्या दारांतल्या रांगेंत कोण उभें होतें आणि घरीं बसून व्यवहार कोणाचे चालले, हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षकानें सांगावी अशी आहे. नाण्याला स्मरणशक्ति नसते. बाजारांत दिलेला रुपया कोणी दिला, कशासाठीं दिला, हें तो कोणाला सांगत नाहीं. मनगटानें दिलेला रुपया मात्र सारें सांगतो: वेळ, जागा, दुकान. आम्हां इतिहासकारांना पुढें या नोंदी सोन्यासारख्या वाटतील यांत शंका नाहीं. परंतु संसार हा इतिहासकारांच्या सोयीसाठीं नसतो. माझी आजी डब्याच्या तळाशीं चार रुपये दडवून ठेवी आणि आजोबांस न सांगतां एखाद्या माहेरवाशिणीच्या हातावर ठेवी. त्या चार रुपयांची नोंद कोठें नाहीं. म्हणूनच ते दिले गेले. नोंद न होणाऱ्या पैशानें लांच जसा दिला जातो, तशी दयाहि केली जाते. पहिल्याचा बंदोबस्त करतांना दुसरीचा जीव जाऊं नये, एवढेंच माझें म्हणणें.

मी नव्या घड्याळाचा शत्रु नाहीं. नागपूरच्या मेट्रोंत मीं स्वतः कार्ड टेकवून फाटक ओलांडलें आहे, आणि सुट्या पैशांसाठीं होणाऱ्या वादांतून सुटल्याचा आनंदहि अनुभवला आहे. कवडी गेली तें बरें झालें. बट्टा गेला तें फारच बरें झालें. आजीचीं कडीं सावकाराच्या पेटींत जावयाचीं थांबलीं असतील तर त्याहून बरें. आक्षेप घड्याळावर नाहीं. प्रत्येक नवें चलन आपली दारें उघडतांना कोणत्या जुन्या हातांना बाहेर ठेवतें, तें त्याच वेळीं पाहावें. दोनशें वर्षांनीं ग्रंथांत लिहूं नये, एवढाच आग्रह.

पुन्हां दवनीवाड्यास गेलों कीं त्या ओट्यावरच्या म्हातारीला मी उत्तर देणार आहें. "बाई, पैसा घडींत राहत नाहीं, चांदींतहि राहत नाहीं. तुमच्या शब्दावर दुसऱ्याचा जेवढा विश्वास असतो, तेवढ्यांतच तो राहतो." ती यावर काय म्हणेल, हेंहि मला ठाऊक आहे. ती आपले झिजलेले दोन्ही हात पाहील, आणि म्हणेल, "मंग आमचा शब्द कोन्या मशीनीत ठेवाचा जी?" त्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नाहीं. तें देणें इतिहासाच्या मास्तराचें काम नव्हे. ज्यांच्या हातीं यंत्रें आहेत त्यांचें आहे.